परिसराची सरासरी वाढली, म्हणजे तुमचं घर महागलं?

‘आपल्या भागात भाव वर्षात ४० टक्के चढले’ हे वाक्य सरासरीवरून येतं, आणि बहुतेकदा तिथेच फसतं. सरासरी फक्त विकल्या गेलेल्या घरांची असते, सगळ्या घरांची नाही.

समजा, गेल्या वर्षी पाच घरं विकली गेली: ४०, ४५, ५०, ५५ आणि ६० लाखांना. सरासरी ५०. यंदा लहान दोन घरं बाजारात आलीच नाहीत. त्यांच्याऐवजी ९० आणि ९५ लाखांची दोन मोठी घरं गेली. बाकी तिन्हींसारख्या घरांचे भाव जिथल्या तिथे. तरी सरासरी ७० लाख! मध्यक, म्हणजे ओळीतली मधली किंमत, घेतली तरी ५० वरून ६०. एकाही घराचा भाव पैशानंही हललेला नाही.

म्हणून आधी जाहिरातीतले आकडे बाजूला ठेवा. ती विक्रेत्याची अपेक्षा असते. नोंदणी झालेले व्यवहार घ्या. नात्यातली हस्तांतरणं आणि लिलाव वगळा. किंमत चटई क्षेत्राने (भिंतींच्या आतली वापरायची जागा) भागा, पण एका बाजूला चटई आणि दुसऱ्या बाजूला बिल्टअप (भिंतींसकट क्षेत्र) अशी सरमिसळ झाली की सगळा हिशेब वाया. घरांच्या आकारानुसार गट पाडून १२ महिन्यांचा मध्यक काढा. गटात पाच-सातच व्यवहार असतील तर टक्केवारी काढूच नका.

सर्वांत भरवशाची तुलना म्हणजे तेच घर दोनदा विकलं गेलं तेव्हाच्या दोन किमती. बेली, मुथ आणि नौर्स या अर्थतज्ज्ञांनी १९६३ मध्ये मांडलेली ही पद्धत अमेरिकेतल्या घरांच्या किमती मोजणाऱ्या केस-शिलर निर्देशांकाच्या मुळाशी आहे. मधल्या काळात मोठं नूतनीकरण झालेली घरं मात्र त्यातून काढावी लागतात.