पिट्सबर्गच्या ९३ घरांत इंटरनेट शिरलं तेव्हा

१९९५ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी काही कुटुंबांच्या घरी चक्क फुकटात संगणक आणि इंटरनेट बसवून दिलं. बदल्यात कोण किती वेळ ऑनलाइन जातं, याची नोंद ठेवायची परवानगी घेतली. पुढच्या वर्षी आणखी घरं जोडली गेली आणि एकूण ९३ घरांतली २५६ माणसं झाली. निम्मी घरं निवडली होती ती शाळेत पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांमुळे, म्हणजे अभ्यासाच्या मध्यभागी किशोरवयीन पोरं होती.

रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये निष्कर्ष छापले आणि खळबळ उडाली. जो जितका जास्त ऑनलाइन, त्याच्या एकाकीपणात आणि नैराश्यात तितकी थोडी भर, घरच्यांशी बोलणं थोडं कमी. तेव्हाचा सरासरी वापर किती? आठवड्याला जेमतेम अडीच तास! आज तेवढा वेळ आपल्यापैकी कित्येकांचा एका रविवारच्या दुपारी जातो.

पण या अभ्यासात एक खोट होती. इंटरनेट न मिळालेली घरं तुलनेला घेतलीच नव्हती. शाळा संपवून कॉलेजला निघालेलं सतरा वर्षांचं पोर एकाकी होणारच, त्यात संगणकाचा दोष किती? खुद्द क्राउट यांनीच याच कुटुंबांचा माग पुढे चालू ठेवला आणि २००२ मध्ये सांगितलं की, ते दुष्परिणाम बहुतेक विरून गेले. नव्या लोकांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र वेगळंच काही हाती लागलं. बोलक्या, माणसांत रमणाऱ्यांचा एकाकीपणा इंटरनेटमुळे कमी झाला, तर मुखदुर्बळांचा वाढला. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातलं मोलाचं वाक्य हेच, आणि नेमकं तेच मथळ्यांत आलं नाही.

कारण पुढची वीस वर्षं आपण 'किती तास' याच प्रश्नाला चिकटून बसलो. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी ब्रिटन-अमेरिकेतल्या ३,५५,३५८ मुलामुलींची माहिती पिंजून काढली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के डिजिटल वापराशी जोडता येतो, असं निघालं. बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच! चष्मा असण्याचा तर त्याहून जास्त. बटाट्याचा दाखला लगेच गाजला. अनेक पालक सुखावले, काही चिडले.

दोन्ही प्रकारच्या पालकांनी नेदरलँड्समधला छोटासा अभ्यास पाहायला हवा होता. तिथे ६३ मुलांना आठवडाभर, दिवसातून सहा वेळा फोनवरच विचारलं : आत्ता काय पाहत होतास, आणि कसं वाटतंय? इतरांच्या पोस्ट नुसत्या बघत बसल्यावर ४६ टक्के मुलांना थोडं बरं वाटत होतं, ४४ टक्क्यांना काहीच फरक नव्हता, १० टक्क्यांना वाईट वाटत होतं. या सगळ्यांची सरासरी काढली की हाती फारसं काही लागत नाही. पण चाळीसच्या वर्गात दहा टक्के म्हणजे चार मुलं, आणि ती चार कोणती हे सरासरी सांगत नाही.

एकाकीपणा मोजताना मानसशास्त्रज्ञ 'तुला मित्र किती?' असं विचारत नाहीत. हवी तेव्हा सोबत मिळते का, आपल्याला वगळलंय असं वाटतं का, असं विचारतात. एकटं असणं वेगळं आणि एकटं पडणं वेगळं, हे मराठीत वेगळं समजवावं लागत नाही. माझी भाची नववीत असताना वर्गाच्या ग्रुपमध्ये होती. एका संध्याकाळी तिला स्टेटसवर पाणीपुरीच्या गाडीसमोरचे फोटो दिसले. बेत दुसऱ्याच ग्रुपवर ठरला होता, आणि त्या ग्रुपमध्ये ती नव्हती. मग ती रात्री उशिरापर्यंत तेच फोटो पुन्हापुन्हा उघडत बसली. झोप गेली, सकाळी चिडचिड, म्हणून शाळेत कुणाशी बोलणं नको, आणि बोलणं नाही म्हणून पुन्हा फोन. यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता? दोन्हीकडून चाललेली ती फुगडी असते.

बहिणीने वैतागून चार दिवस फोन काढून घेतला. पाचव्या दिवशी वर्गात सगळे एका मीमवरून हसत होते आणि हिला कळेना कशावरून.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये हेच कोडं वेगळ्या बाजूने उचललं. संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरलं. मुलांचा अभ्यास व्हावा, घरात बोलणं व्हावं, हा त्यामागचा हेतू. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. भाचीचा फोन कपाटात गेला तेव्हा बाकी अख्खा वर्ग ऑनलाइन होता. वडगावात सगळ्यांनी भोंगा पाळला, तर त्या दीड तासात गावच्या ग्रुपवर चुकण्यासारखं काही घडतच नाही.