मेल आला, फाइल कुठे गेली?

मेलमध्ये ‘सोबत फाइल जोडली आहे’ असं वाक्य आहे आणि खाली काहीच नाही. पाठवणारा म्हणतो, जोडली होती. त्याच्या ‘सेंट’मध्ये ती दिसतेही. ऑफिसात असा वाद झाला की पुष्कळदा दोघंही खरं बोलत असतात. फाइल वाटेत गळून पडणं तसं विरळाच. ती पोचलेली असते, पण उघडणाऱ्या प्रोग्रॅमला ती ओळखता येत नाही, किंवा ओळखूनही दाखवायची नसते. याचं मूळ जुनं आहे. ईमेल तयार झाला तेव्हा त्यात फाइलसाठी जागाच ठेवलेली नव्हती.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवला तो निव्वळ मजकुराचा. ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पोचवायच्या पद्धतीचे, नियम आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले (इंटरनेटचे नियम अशा क्रमांकाच्या आरएफसींत असतात), तेव्हाही मेल म्हणजे सात बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या सात खुणांची, अक्षरंच होती: इंग्रजी मुळाक्षरं, आकडे, विरामचिन्हं. एक ओळ जास्तीत जास्त हजार अक्षरांची. फोटो किंवा प्रोग्रॅमच्या फाइलला आठवा बिट लागतो, आणि त्या नियमांनुसार तो शून्य करून टाकला जाई. अशी फाइल थेट पाठवली तर पलीकडे नुसता चुरा पोचायचा.

पळवाट मात्र आधीच निघाली होती. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८०च्या सुमारास यूयूएन्कोड हा प्रोग्रॅम लिहिला. फाइलचे तीन-तीन बाइट (बाइट म्हणजे आठ बिट) घ्यायचे, त्यांची छापता येणारी चार-चार अक्षरं करायची आणि ती मेलच्या मजकुरातच चिकटवायची. वर ‘बिगिन’, परवानगीचा आकडा (फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी हे सांगणारा) आणि फाइलचं नाव, खाली ‘एंड’. मेलच्या दृष्टीने हा सगळा मजकूरच. वाचणाऱ्याने तो कापून घ्यायचा आणि उलट प्रक्रिया करून फाइल काढायची. यात एक खोच होती. सुरुवातीच्या पद्धतीत शून्यासाठी मोकळी जागा वापरत, आणि वाटेतले काही सर्व्हर ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा फालतू समजून छाटून टाकत. फाइल बिघडायची. शेवटी मोकळ्या जागेऐवजी उलटं अवतरणचिन्ह (`) वापरायला लागले. मोठ्या फाइलचे तुकडे करून पाच-सहा मेल पाठवायचीही रीत होती. त्यातला एक अडकला की बाकीचे निरुपयोगी. १९८६मध्ये सुरू झालेल्या अर्नेटवर, म्हणजे भारतातल्या शिक्षण-संशोधन संस्थांच्या संगणक-जाळ्यावर, मुंबईतली एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था, आयआयटी अशा संस्थांची मंडळी जो मेल वापरू लागली, तो याच काळातला.

या पद्धतीची एक शेपूट पुढे बरीच वर्षं वळवळत राहिली. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक एक्स्प्रेस या मेल प्रोग्रॅममध्ये एखादी ओळ ‘बिगिन’ या शब्दाने सुरू झाली आणि पुढे दोन मोकळ्या जागा आल्या, तर प्रोग्रॅम खालचा सगळा मजकूर अटॅचमेंट समजून गिळायचा. यावर मायक्रोसॉफ्टने दिलेल्या सल्ल्यात एक उपाय असा होता, की ओळीची सुरुवात दुसऱ्या शब्दाने करा. न जोडलेली अटॅचमेंट मिळाल्याचा हा प्रकार मला या सगळ्या इतिहासात सर्वांत गमतीचा वाटतो.

आज आपण जिला अटॅचमेंट म्हणतो ती ११ मार्च १९९२ची. त्या दिवशी बेलकोर या अमेरिकेतल्या टेलिफोन-संशोधन कंपनीतल्या नॅथॅनिएल बोरेनस्टाइन यांनी आपल्या चौघांच्या गाणाऱ्या चमूचा फोटो आणि त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण मेलने पाठवलं. जूनमध्ये त्यांनी आणि नेड फ्रीड यांनी माइमचे, म्हणजे मेलमध्ये मजकुराशिवाय इतर गोष्टी कशा घालायच्या याचे, नियम जाहीर केले. जुन्या सर्व्हरांना हात न लावता काम भागवायचं, ही त्यांची अट होती, म्हणून फाइलने मजकुराचं सोंग घेणं माइममध्येही चुकलं नाही. माइममधली बेस ६४ ही पद्धत यूयूएन्कोडचंच काम करते, फक्त जास्त सावधपणे. त्यातली चिन्हं अशी निवडली की कुठल्याही जुन्या यंत्रणेतून ती शाबूत बाहेर पडावीत. त्याची किंमत म्हणजे आकार: तीन बाइटची चार अक्षरं, शिवाय दर ७६ अक्षरांनंतर नवी ओळ. म्हणून ज्या सर्व्हरची मर्यादा २५ एमबी आहे, तिथून मूळ फाइल जेमतेम १८ एमबीचीच जाते. ‘माझी फाइल तर २० एमबीची होती’ या तक्रारीचं उत्तर या हिशेबात आहे. मेल परत आल्याची सूचना पाठवणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये इंग्रजी मजकुराखाली पडलेली असते आणि तो ती न वाचता पुसून टाकतो.

माइमने मेलचे भाग पाडले. भागांमध्ये एक ठरावीक सीमारेषा, आणि प्रत्येक भागाच्या डोक्यावर तो काय आहे याची नोंद. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडलं की हे उघडंनागडं दिसतं. फाइल खरंच आली का, हे पाहायची सर्वांत खात्रीची जागा तीच: खाली अर्थहीन अक्षरांच्या सलग ओळींचा लांबच लांब पट्टा असेल, तर बहुधा फाइल आलेली आहे. मग ती दिसत का नाही? भाग एकमेकांत कसे बसवले, यावर ते ठरतं. ‘मिक्स्ड’ म्हणजे सगळे भाग दाखवा. ‘आल्टर्नेटिव्ह’ म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं, त्यातलं जमेल ते एकच दाखवा. बिलं किंवा पावत्या आपोआप पाठवणारी एखादी घाईत लिहिलेली प्रणाली पीडीएफ चुकून या दुसऱ्या गटात टाकते; मग एका प्रोग्रॅममध्ये ती दिसते, दुसऱ्यात नाही. १९९७च्या आरएफसी २१८३ने ‘इनलाइन’ (मजकुरातच दाखवायची) आणि ‘अटॅचमेंट’ (वेगळी जोडलेली) असा भेदही पक्का केला, पण तो पाळायचा किती, हे प्रत्येक प्रोग्रॅमने आपापलं ठरवलं.

मायक्रोसॉफ्टने तर वेगळीच चूल मांडली. आउटलुकमधून ‘रिच टेक्स्ट’मध्ये पाठवलेला मेल कधीकधी सगळ्या फाइली एकाच गाठोड्यात बांधून पाठवतो, आणि इतर प्रोग्रॅमना त्या जागी ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची न उघडणारी वस्तू दिसते. उपाय पाठवणाऱ्याच्या हातात आहे: मेल एचटीएमएल किंवा साध्या मजकुरात पाठवणं.

मग विषाणू आले. मार्च १९९९मध्ये मेलिसा, वर्डच्या फाइलमधून. ती आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायची. ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून ‘आय लव्ह यू’ सुटला. त्याच्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ होतं, आणि विंडोज ओळखीची एक्स्टेन्शनं (नावाच्या शेवटी फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) लपवत असल्यामुळे लोकांना फक्त निरुपद्रवी ‘टीएक्सटी’ दिसलं, ‘व्हीबीएस’ हा चालणारा प्रोग्रॅम दिसला नाही. त्याच वर्षी आउटलुकला सुरक्षा अपडेट मिळालं आणि ‘ईएक्सई’, ‘बॅट’, ‘व्हीबीएस’ अशा फाइली रोखल्या जाऊ लागल्या. त्यात ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमची ‘एमडीबी’ही अडकली, हिशेब ॲक्सेसमध्ये ठेवणाऱ्यांना याचा ताप झाला. या फाइली पुसल्या जात नाहीत. त्या मेलमध्येच असतात, आउटलुक त्या झाकून ठेवतं. जीमेल आणखी कडक आहे: झिपच्या आत घातलेली ‘ईएक्सई’ही ते अडवतं.

मराठी वाचकाला मात्र वेगळीच ठेच लागते, ती फाइलच्या नावाची. माइमच्या मूळ नियमांनुसार शिरोभागात, म्हणजे प्रत्येक भागाच्या डोक्यावरच्या नोंदीत, इंग्रजीबाहेरचं अक्षर चालत नाही. १९९७च्या आरएफसी २२३१ने त्यावर सोय केली, पण ती अंगावर येणारी. ‘अर्ज’ या नावात हलन्त धरून चार चिन्हं, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत त्यांचे १२ बाइट आणि त्या पद्धतीने लिहिल्यावर ३६ अक्षरं. ‘शाळा सोडल्याचा दाखला’ म्हणजे तर अनेक तुकड्यांची माळ. शिवाय काही प्रोग्रॅम विषयाच्या ओळीसाठी असलेली जुनी पद्धत फाइलच्या नावालाही लावतात, जी नियमांत बसत नाही. पाठवणारा एका पद्धतीचा आणि वाचणारा दुसऱ्या पद्धतीचा असला, की नाव आणि एक्स्टेन्शन दोन्ही गायब होऊन ‘एटीटी००००१’ किंवा ‘नोनेम’ उरतं. फाइल आत धड असते. नाव बदलून शेवटी ‘पीडीएफ’ लावलं की उघडते. सरकारी पोर्टलवर कागद चढवणारे लोक फाइलला इंग्रजी आणि आखूड नाव देतात, ती सवय मला शहाणपणाची वाटते.

जोडायचंच विसरणं हा प्रकार अर्थात सगळ्यांत जुना. जीमेलने २००८मध्ये त्यासाठी प्रायोगिक सूचना आणली, थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमने २००९मध्ये. थंडरबर्ड मजकुरातले शब्द हुंगतं आणि त्या शब्दांच्या यादीत आपल्याला भर घालता येते. मराठीत मेल लिहिणाऱ्यांनी तिथे ‘सोबत’, ‘जोडले आहे’ घालून ठेवावं.

अलीकडे मात्र मोठी फाइल मेलसोबत येतच नाही, तिची लिंक येते. जीमेलला २०१२मध्ये गूगल ड्राइव्ह जोडलं गेलं, ॲपलचा मेल ड्रॉप २०१४मध्ये आला. ड्राइव्हच्या लिंकमध्ये अडतं ते परवानगीपाशी: पाठवणाऱ्याने ती दिली नसेल, तर ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’चं बटण दिसतं आणि पलीकडचा माणूस रजेवर असतो. मेल ड्रॉपची फाइल ३० दिवसांनी जाते. वर्षभराने ऑडिटला तोच मेल काढला तर पत्र, तारीख, सही सगळं जागच्या जागी असतं, पण लिंकवर दाबून काहीही उघडत नाही, आणि तिथे ‘शो ओरिजिनल’चाही उपयोग नाही.