मांडीवरची सम

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी पाटावर बसून पाय लांब करायच्या, नडग्यांवर बाळाला पालथं घालायच्या आणि तेल चोळायला लागायच्या. हात चालू तसं तोंडही चालू. कधी एखादी अर्धी ओवी, कधी नुसतं 'हं हं हं'. आमच्या मुलीच्या वेळी माझं सगळं लक्ष पाणी फार कढत तर नाही ना, इकडे असायचं. त्यांच्या गुणगुणण्याकडे फार उशिरा गेलं. हात पाठीवरून खाली येई तेव्हाच शब्दावर जोर पडे. बाळाच्या अंगाला आणि कानाला एकच ठेका एकाच वेळी मिळत होता. तान्ह्या मुलांच्या संगीताच्या जाणिवेवरचे प्रयोग वाचताना मला त्या मावशी सारख्या आठवतात.

कान गर्भातच साधारण सहाव्या महिन्यापासून काम करू लागतात. जन्मानंतर ठेकाही फार लवकर कळतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बुडापेस्टच्या संशोधकांनी 14 नवजात बाळांना ड्रमचा साधा ठेका ऐकवला. बाळं दोन-तीन दिवसांची, तीही झोपलेली. डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून मेंदूच्या विद्युतलहरी टिपल्या जात होत्या. मधलाच एखादा दुय्यम ठोका गाळला तर लहरींत विशेष फरक पडत नसे. पण आपण जिला सम म्हणतो, तो पहिला वजनदार ठोका गाळला की लहरी लगेच बदलत. काहीतरी यायचं होतं आणि ते आलं नाही, हे झोपलेल्या मेंदूला कळलं होतं.

पुढचा प्रयोग मला त्याहून लाडका आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 2005 साली सात महिन्यांच्या बाळांना एक सपाट ठेका ऐकवला. सपाट म्हणजे कुठल्याच ठोक्यावर जोर नाही. ऐकवताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला हातांवर झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. सगळा खेळ दोन मिनिटांचा. नंतर जोर असलेले दोन्ही ठेके ऐकवले, तेव्हा जे बाळ जसं झुललं होतं तोच ठेका ते जास्त वेळ ऐकत राहिलं. कानावर पडलेला आवाज सगळ्यांना सारखाच होता. दोनाचा की तिनाचा हे बाळाच्या अंगानं ठरवलं. ज्या बाळांनी दुसऱ्याला झुलताना नुसतं पाहिलं, त्यांच्यात हा परिणाम दिसला नाही. मोबाइलवर गाणं लावून बाळाला समोर बसवणं आणि तेच गाणं म्हणत त्याला मांडीवर खेळवणं, यांतला फरक इथे आहे.

अर्थात बाळानं मान धरेपर्यंत डोक्याला आधार देऊन संथ हेलकावेच द्यायचे. जोरानं हलवणं तर कुठल्याच वयात नको.

ठेक्यांबद्दल आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी फार महत्त्वाची वाटते. बाल्कन प्रदेशातल्या लोकसंगीतात सात मात्रांचे, दोन-दोन-तीन असे असमान ठेके चालतात. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना अशा ठेक्यातली चूक पकडता येत नाही. तिथल्या सहा महिन्यांच्या बाळांना येते! वर्षाची होईपर्यंत मात्र ती बाळंही मोठ्यांसारखी होतात. घरात जे वाजतं तेवढंच त्यांना नीट कळतं. पण या वयात दोनेक आठवडे असं संगीत घरी ऐकवलं, तर तो कान पुन्हा उघडतो. मोठ्यांचा तेवढ्यानं उघडत नाही.

आपल्याकडे तर सात मात्रांचा रूपक आहे, दहा मात्रांचा झपताल आहे, सहा मात्रांचा दादरा आहे. बाळांसाठी म्हणून मिळणारी गाणी बहुतेक चार-चारच्या सरळ ठेक्यात असतात. ती जरूर ऐकवा. पण पहिल्या वर्षात घरात आजीचे अभंग, रेडिओवरचं नाट्यगीत, आरतीचे टाळ हेही वाजत राहू द्या, असा माझा आग्रह आहे.

बुद्धी वाढते म्हणून बाळांसाठी मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराच्या सीडी विकल्या गेल्या, त्यामागचा 1993 चा मूळ प्रयोग 36 कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता. त्यात एकही बाळ नव्हतं, आणि दिसलेला परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. बुद्धी वाढेल म्हणून काही विकत आणायची गरज नाही.

'माझा आवाज चांगला नाही' असं म्हणून कितीतरी आई-बाबा गायचं टाळतात, याचं मला वाईट वाटतं. मॉन्ट्रियलच्या एका प्रयोगात बाळांना अनोळखी तुर्की भाषेतलं गाणं ऐकवलं, तर ती सरासरी नऊ मिनिटं न कुरकुरता राहिली. नुसतं बोलणं ऐकवल्यावर चारच मिनिटं. त्यात आईचा आवाज तर जन्मल्या दिवसापासून बाळाला इतरांच्या आवाजापेक्षा जास्त आवडतो. तो सुरात आहे की नाही, याची तपासणी बाळ करत नाही.

जपायचे आहेत ते कान. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशांच्या अगदी पुढ्यात खांद्यावर बसवलेली तान्ही मुलं दिसतात. त्यांना तिथून दूर न्या. साधी खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर तो आवाज बाळासाठी फार मोठा आहे. आणि पहिल्या महिन्यातच नवजात बाळाची श्रवणचाचणी करून घ्या. ती काही मिनिटांत होते, दुखत नाही. दोष लवकर कळला तर सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू करता येतात.

दीड-दोन वर्षांचं मूल स्वतःच गायला लागतं. शब्द अर्धे, चाल तिसऱ्याच गाण्याची, साथीला वाटी-चमचा. सुधारू नका. त्याच्या पट्टीत तुम्ही गा, त्याच्या चमच्याच्या ठेक्यावर टाळी द्या. रोजचं बडबडगीत रोज त्याच चालीत म्हणा, आणि पाठ झालंय असं वाटलं की एक दिवस समेवरचा शब्द गाळून थांबा. लगेच काही होणार नाही. मूल तुमच्या तोंडाकडे बघेल, हात हवेत तसाच राहील. घाई करू नका. मग तो शब्द त्याच्याकडून येईल, बोबडा, पण नेमका समेवर.