खान्देशातलं लाकूडकाम : कुऱ्हाड, परवाना आणि कुऱ्हाडबंदी

गेल्या काही वर्षांत जळगाव, धुळे, चोपडा, शिरपूर इथली तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याशी जमतात. लाकडाचे चमचे कोरतात, चकमक झाडून विस्तव पाडतात, बांबू चिरून तिवई बांधतात. या छंदाला सगळे ‘बुशक्राफ्ट’च म्हणतात. त्यात तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात : लाकूड आणायचं कुठून? सुरी जवळ बाळगलेली चालते का? शेकोटी पेटवायची की नाही? आणि गावाच्या वेशीवर ‘कुऱ्हाडबंदी’ची पाटी दिसली तर तिचा अर्थ काय घ्यायचा? याची उत्तरं शोधायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

हत्यारं घडवणं इथे त्याहून कितीतरी जुनं आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे पुराश्मयुगातली दगडी पाती आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, त्यांचा काळ सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा मानतात. तापीकाठी प्रकाशे इथे 1955 मध्ये झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर मिळाले. काळ्या खडकाच्या पोकळ्यांतून सुटलेली गारगोटी, अकीक, जास्पर असे दगड नदीपात्रात आजही पायाखाली येतात आणि चकमकीला चालतात.

गावगाड्यात सुतार-लोहारांचं स्थान काय होतं, बलुतं कसं ठरायचं, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्या मानाने लाकडाच्या निवडीबद्दल फार कमी लिहिलं गेलंय. नांगर आणि चाकाचा तुंबा (मधला ठोकळा) बाभळीचा. गाडीच्या दांड्या आणि जू तिवसाचं, कारण तिवस लवचीक आणि चिवट. मुसळाला खैर, फण्यांना हलदू, घराच्या खांबांना साग किंवा अंजन. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा. धावड्याचा सरळ सोट घेऊन तो करवतीने न कापता पाचर ठोकून उभा फोडायचा, म्हणजे लाकडाची रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. कापलेल्या दांड्यात रेषा तिरकी बाहेर पडते आणि दांडा नेमका तिथेच मोडतो. फोडलेला तुकडा सावलीत सुकवायचा, वाकसाने (सुताराच्या तासणीने) तासायचा, काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत करायचा, मगच कुऱ्हाडीत बसवून वरून पाचर मारायची. ओला दांडा बसवला तर तो आकसतो आणि भर घावात कुऱ्हाड निसटते. छंद म्हणून हे काम शिकणाऱ्याने पहिल्यांदा एवढं तरी शिकावं.

ही निवड करणं 1878 च्या वनकायद्यानंतर अवघड होत गेलं. खान्देश 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला. 1860 च्या दशकात रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळला पोहोचली आणि इमारती लाकडाला बाजार मिळाला. 1878 च्या कायद्याने जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडले. ज्या जंगलात सुतार स्वतः जाऊन झाड निवडायचा, तिथे आता परवानगी, ठरावीक हंगाम आणि ठरावीक लाकूड असा कारभार आला. 1927 च्या कायद्याने हीच चौकट पक्की केली. पुढे 1964 च्या राज्य कायद्याने शेताच्या बांधावरचं झाडही त्यात आणलं. साग, खैर, तिवस, अंजन, हलदू, मोह अशा झाडांना खासगी जमिनीतही परवानगीवाचून कुऱ्हाड लावता येत नाही. बाभूळ, बोर, कडुनिंब त्या यादीत नव्हते. गावातल्या सुताराच्या पडवीत पुढच्या काळात बाभळीचेच ओंडके दिसतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. तिवसाचं जू आज मुद्दाम शोधावं लागतं.

1972 च्या वन्यजीव कायद्याने आणखी एक गोष्ट बदलली. त्या कायद्यातल्या शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाण आहेत आणि सुरीही आहे. अभयारण्यात पूर्वपरवानगीवाचून शस्त्र नेता येत नाही, अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवता येत नाही. यावल, अनेर धरण आणि चाळीसगावच्या डोक्यावरचं गौताळा-औट्रमघाट या तिन्ही ठिकाणी हाच नियम. यावल अभयारण्यातल्या पाल गावाच्या परिसरात कंबरेला सुरी लावून फिरणाऱ्या हौशी मंडळींना हे माहीत नसतं, आणि अडवलं की राग येतो. भिल्ल आणि पावरा घरांमधून बांबूच्या कामठ्याला, म्हणजे धनुष्याला, बांबूचीच चिरलेली पट्टी दोरी म्हणून लावायची रीत होती. ती कामठी घेऊन पूर्वीच्या वाटेने जाणाऱ्या माणसालाही हाच नियम लागू झाला, आणि तो तर छंद म्हणून फिरत नव्हता.

सगळ्यात जास्त वाद झाला तो कुऱ्हाडबंदीवर. 1992 मध्ये आदर्श गाव योजना आली. तिच्या पंचसूत्रीत श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुटुंबनियोजन यांच्या जोडीला कुऱ्हाडबंदी होती. त्याच वर्षी राज्याने संयुक्त वनव्यवस्थापनाचं, म्हणजे वनखातं आणि गाव यांनी मिळून जंगल राखायचं धोरण स्वीकारलं, आणि पुढच्या काळात खान्देशच्या डोंगरपट्ट्यात अनेक गावांनी कुऱ्हाडबंदीचे ठराव केले. साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. तिथे गावकऱ्यांनी 400 हेक्टरांहून अधिक जंगल स्वतः पहारा देऊन वाढवलं. पाणी परत आलं, रानभाज्या परत आल्या, गावातून होणारं स्थलांतर कमी झालं. हे यश खरं आहे आणि ते गावकऱ्यांनी मिळवलेलं आहे.

पण बारीपाड्यात गावाने आतून घेतलेला निर्णय इतर ठिकाणी योजनेची अट म्हणून वरून आला, तेव्हा तो वेगळाच निर्णय झाला. बंदी कुऱ्हाडीवर घातली गेली, म्हणजे हत्यारावर. रात्री ट्रक भरून जाणाऱ्या सागाला कुऱ्हाडबंदीची पाटी अडवत नाही. अडतो तो वर्षाकाठी एक जू आणि नांगराची दोन रुमणी (मुठी) यांपुरतं लाकूड तोडणारा सुतार, आणि अडते मोळी आणणारी बाई. बहुतेक ठरावांत वाळलेलं, पडलेलं लाकूड उचलायला मुभा असते. जळणापुरतं ते ठीक. पडून वाळवी लागलेल्या फांदीचा दांडा होत नाही आणि जूही होत नाही. कारागिराला उभं, सरळ, जिवंत लाकूड लागतं, आणि त्याला त्यातलं अगदी थोडं लागतं.

बंदीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की एकाला सूट दिली की दहा जण तीच वाट धरतात, आणि उघड्या पडलेल्या डोंगराला काही वर्षं पूर्ण विश्रांती लागतेच. हा मुद्दा मान्य करण्यासारखा आहे. अडचण ‘काही वर्षं’ या मुदतीत आहे, कारण कित्येक ठरावांना मुदतच नव्हती. साग आणि धावडा बुंध्यापासून पुन्हा फुटतात, हे जंगलाशी संबंध असलेल्या कुणालाही माहीत आहे. बांबूच्या बेटाचं तर असं की जुन्या काठ्या काढल्या नाहीत तर बेट आतून गच्च होतं, नव्या कोंबांना जागा मिळत नाही, काठ्या वाकड्या वाढतात. कोवळ्या काठ्या ठेवून जून काठ्या काढणं ही बेटाची मशागतच आहे. बंदीचा ठराव लिहिताना बुरुडाला किंवा सुताराला विचारलं असतं तर हे पहिल्याच बैठकीत कळलं असतं. पंचवीस-तीस वर्षं कुऱ्हाड न उचललेल्या गावात पुढच्या पिढीला कोणती फांदी कधी काढायची याची समज येणार कुठून, या प्रश्नाला कुठल्याच योजनेत उत्तर नव्हतं.

2006 च्या वनहक्क कायद्याने यातली एक गाठ सैल केली. बांबू गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणारा माल, ठरला आणि जंगलावर सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला तो काढण्याचा, विकण्याचा अधिकार आला. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये वटहुकूम निघाला आणि जंगलाबाहेरचा बांबू वनकायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे एकाच जातीचा बांबू आज तीन प्रकारचा आहे. शेतातला मोकळा, राखीव जंगलातला परवान्याचा, सामूहिक हक्काच्या जंगलातला ग्रामसभेचा. हौशी माणसाने बांबू उचलण्याआधी तो यातला कोणता, एवढं विचारावं.

काही गावांत तर जंगलच गेलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या बुडिताखाली आली. त्यातल्या मणिबेलीत 1993 पासून पाणी चढू लागलं. या गावांतली घरं म्हणजे सागाच्या मेढी, आढं, वासे आणि बांबूच्या कुडाच्या भिंती, सगळं गावातल्याच हातांनी जोडलेलं. लोकांनी ती उकलून खांब नव्या वसाहतींत नेले. तशी घरं पुन्हा बांधायला लागणारं जंगल तिथे नव्हतं. लाकूडकामाचं एवढं मोठं ज्ञान इतक्या कमी वर्षांत विखुरल्याचं दुसरं उदाहरण खान्देशात नाही, आणि त्याची नोंद करायला कुणी वेळेवर गेलं नाही याची खंत वाटते.

लोखंडाची बाजू मात्र टिकली. भात्याच्या जागी पंख्याची भट्टी आली, पण विळा, कोयता, कुऱ्हाड बाजाराच्या दिवशी लोहाराकडे आजही घडते. माल म्हणजे ट्रकच्या कमानीचे मोडके पाटे. या पोलादात सुमारे 0.6 टक्के कार्बन असतो, म्हणून ते पाणी धरतं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. पातं लालबुंद करून फक्त धारेची कड पाण्यात बुडवायची, पाठ तशीच ठेवायची. धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. पूर्ण पातं पाण्यात बुडवलं तर ते ठिसूळ होऊन आघाताला तडा जाण्याची भीती असते. परदेशी सुरीसाठी हजारो रुपये मोजणाऱ्याने एकदा लोहाराच्या भट्टीशी बसून आपली सुरी घडवून घ्यावी. माप आणि पाठीची जाडी सांगितली तर तो हवी तशी करून देतो, आणि त्याला कामाचे पैसेही नीट द्यावेत.

लाकडासाठी सोपी वाट बांधावरचीच आहे. उन्हाळ्यात शेतकरी बाभळी, कडुनिंब सवळतात, बोरी छाटतात. मालकाला विचारलं तर त्या फांद्या सहज मिळतात. बाभळीचा चमचा टिकाऊ होतो, कडुनिंबाचा कोरायला हलका जातो. शेकोटी शेतातच पेटवावी, तीही वारा पडल्यावर. ज्यांना तिवस किंवा धावड्यावरच हात बसवायचा आहे त्यांनी सामूहिक हक्क मिळालेल्या गावाच्या ग्रामसभेकडे जाऊन काय चालतं आणि काय नाही ते विचारावं. वनहक्क कायद्यात इमारती लाकूड गौण वनोपजात येत नाही, त्यामुळे तिथेही उत्तर बहुतेक ‘नाही’ असंच येईल. पण कोणत्या फांदीला काय म्हणतात आणि ती कशाला वापरायची, हे सांगणारी माणसं अजून त्याच गावांत आहेत.