युरोपला मशीन पाठवायचंय? २० जानेवारी २०२७ आधीची तयारी

सोलापुरातली अक्कलकोट रोड असो वा चिंचोली एमआयडीसी, वार्पिंगची (विणकामाआधी धागे बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर गुंडाळणारी) किंवा पॅकिंगची मशिनं बनवणाऱ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "अर्ज कुठे करायचा?" बहुतेक मशिनांसाठी असा अर्जच नाही. मशीन सुरक्षित आहे, हे उत्पादकाने स्वतः तपासायचं, कागदावर सिद्ध करायचं आणि घोषणापत्रावर सही करून सीई खूण (युरोपचे नियम पाळल्याची खूण) लावायची. म्हणून एजंटाकडून नुसतं 'सीई सर्टिफिकेट' विकत घेऊ नका. अपघात झाला तर या पुराव्याच्या कागदांची तुमचीच फाइल मागितली जाते.

युरोपीय संघाच्या मशिनांबाबतच्या जुन्या २००६/४२ निर्देशाच्या जागी २०२३/१२३० हा नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होतोय. ऑर्डर कधी घेतली ते बघत नाहीत, मशीन युरोपच्या बाजारात कधी आलं ते बघतात. तेव्हा जहाजाचे दिवस धरून उलटं मोजा. वापरलेलं मशीन युरोपात पहिल्यांदाच जात असेल, तर तेही यात येतं.

आधी नियमाचं परिशिष्ट १ उघडा. त्याच्या 'अ' भागातल्या मशिनांना युरोपातल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी सक्तीची आहे; उदाहरणार्थ गाड्या उचलण्याच्या लिफ्ट. 'ब' भागात हाताने माल भरायचे, थंड धातूवर काम करणारे प्रेस येतात. तिथे ठरलेली मानकं पूर्ण पाळली तर स्वतःची घोषणा चालते.

मला खरी काळजी वाटते ती मशिनाच्या कंट्रोल पॅनेलची. एका वर्कशॉपमध्ये पॅनेलचं दार उघडलं, तर आतल्या बाजूला मार्करने पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा) पासवर्ड लिहिलेला आणि शेजारी लांबून दुरुस्ती करण्यासाठी सिमकार्डचा राउटर कायम चालू. कुणी बाहेरून प्रोग्राममध्ये शिरून गार्डच्या इंटरलॉकची (मशीन चालू असताना संरक्षक झाकण उघडू न देणाऱ्या व्यवस्थेची) ओळ काढली, तर बीम फिरत असतानाच गार्ड उघडेल आणि कामगाराचा हात आत जाईल. नवा नियम नेमकं हेच थांबवू बघतो. बाहेरच्या जोडणीमुळे मशीन धोकादायक होता कामा नये. सुरक्षेचं सॉफ्टवेअर कोणतं, त्याची आवृत्ती कोणती, हे सहज दिसलं पाहिजे. त्यात कुणी हात घातला तर नोंद राहिली पाहिजे, आणि नवी आवृत्ती टाकल्यापासून ती नोंद ५ वर्षं टिकली पाहिजे. राउटरला चावीचा स्विच लावा, गरजेपुरताच चालू करा. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्या. ही कामं आजच होतील.

नेटला जोडणाऱ्या मशिनाला युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदाही (डिजिटल उत्पादनांच्या सायबर सुरक्षेचा कायदा) बघावा लागेल. तो पूर्ण लागू होतो ११ डिसेंबर २०२७ ला, पण सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीचा कुणी प्रत्यक्ष गैरफायदा घेत असेल तर २४ तासांत कळवण्याची सक्ती ११ सप्टेंबर २०२६ पासूनच आहे, आधी विकलेल्या मशिनांसाठीसुद्धा.

फाइलमध्ये ड्रॉइंग, वायरिंग डायग्राम, आयएसओ १२१०० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे धोक्यांचं मूल्यमापन, चाचणी अहवाल, पाळलेल्या मानकांची यादी आणि घोषणापत्राची प्रत हवी. मूल्यमापन ऑफिसात बसून लिहू नका; मशीन चालवणाऱ्याला शेजारी उभं करून एकेक जागा दाखवायला सांगा. धागा तुटल्यावर तो हात कुठे घालतो, ते त्यालाच माहीत असतं. फाइल १० वर्षं जपायची. माहितीपुस्तिका ज्या देशात मशीन जाणार तिथल्या भाषेत लागते. ती डिजिटल चालते, पण ग्राहकाने खरेदीच्या वेळी छापील प्रत मागितली तर महिन्याच्या आत फुकट द्यावी लागते. आयातदाराचं नाव-पत्ताही मशीनवर लागतो, तेव्हा पाटी कोरायला टाकण्याआधी त्याच्याकडून लेखी मागवून घ्या.