रंध्याच्या पात्यापुढे लाकूड कसं वागतं

फळीवर रंधा मारताना आधी कान द्यावा. पात्याला धार असेल आणि दिशा बरोबर असेल तर सलग ‘सर्र’ असा आवाज येतो आणि रंध्याच्या तोंडातून कागदापेक्षा पातळ ढलपी उलगडत बाहेर पडते. दिशा चुकली की तोच आवाज खरखरीत होतो, रंधा हाताला अडखळल्यासारखा लागतो. फळी खराब व्हायच्या आत आपण थांबतो आणि दुसऱ्या टोकाकडून रंधा मारायला घेतो. मशीनच्या गोंगाटात हा निरोप पोचतच नाही. मी हातअवजारांकडे वळलो तो मुख्यतः यासाठी.

लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या सूक्ष्म नळ्यांची मोळी. नळ्यांच्या भिंतींना बळ येतं सेल्युलोजमुळे, आणि त्यांना सांधून धरतं लिग्निन. नळ्या आडव्या तोडायला प्रचंड जोर लागतो. एकमेकींपासून सुट्या करायला त्यामानाने फारच थोडा. सरपण फोडताना ओंडका उभा ठेवून त्याच्या माथ्यावर कुऱ्हाड घालतात ती म्हणूनच. फळीत या नळ्या पृष्ठभागाला तंतोतंत समांतर क्वचितच असतात, किंचित तिरक्या असतात. पातं ज्या दिशेने चाललंय त्या दिशेने त्या वर येत असतील, तर पात्यापुढे पडलेली चीर पृष्ठभागावर येऊन संपते. खाली बुडत असतील तर तीच चीर फळीच्या आत शिरते आणि खपली निघते.

रंध्यात यावर सुंदर उपाय आहे. पात्यावर दुसरी एक बोथट लोखंडी पट्टी कसलेली असते. तिची कड धारेच्या मागे मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर आणली की वर चढणारी ढलपी तिथेच मुडपते आणि चिरेला पुढे पळायला वावच उरत नाही. पॉलिश पेपरचं काम वेगळं. त्याचा प्रत्येक कण ओरखडा काढतो, नळ्यांची उघडी तोंडं भुकटीने भरतात. रंधलेल्या लाकडाला जी चकाकी येते, ती पेपर मारला की मंदावते.

करवतीचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. २५४ मिलिमीटर व्यासाचं गोल पातं मिनिटाला ४,००० फेरे घेतं तेव्हा त्याचे दात ताशी सुमारे १९० किलोमीटरने धावतात आणि साधारण ३ मिलिमीटर रुंदीचं लाकूड भुसा करून टाकतात. जपानी करवत ओढताना कापते. ताणलेलं पातं वाकत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येतं आणि कापाची रुंदी १ मिलिमीटरच्या आत राहते. माणूस तासन्‌तास काम करताना जेमतेम ७५ वॉट शक्ती देऊ शकतो. तेव्हा भुसा कमी पाडणं म्हणजे सरळ श्रम वाचवणं.

आणि धूळ. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची नोंद माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली. धोका विशेषतः नाकाच्या पोकळीला. रंध्याच्या ढलप्या जड असतात, पायाशी पडतात. सँडिंग मशीनची बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगते. आवाजाचंही तसंच: ८५ डेसिबल ८ तास सोसता येतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं.

खडबडीत, जाड फळ्या एका मापाच्या करायच्या असतील तर मी मशीनच वापरीन. त्या कामात हाताला लाकडाकडून शिकण्यासारखं फार नसतं, पाठ मात्र मोडते. पण साल-कुसू (एका लाकडातली खाच आणि तीत बसणारं दुसऱ्याचं टोक) बसवणं आणि शेवटचा हात फिरवणं पटाशी-रंध्यानेच.

धार उतरू लागली की ढलपी तुटक निघते, रंधा जड होतो. मग पातं काढून दगडावर घासायचं. मागच्या बाजूने अलगद बोट फिरवलं की कडेला लोखंडाची बारीक लव लागते. ती पूर्ण रुंदीभर लागली म्हणजे धार पोचली. लव उतरवायची, पातं बसवायचं, पाचर ठोकायची आणि पुन्हा कान द्यायचा.