मार्बलची झीज चाचणी: अर्ज कुठे अडतो, कोण करू शकतं आणि काय काय जोडायचं

मार्बलचा नमुना लॅबने परत पाठवला, किंवा फी भरून रिपोर्ट मिळाला पण खरेदीदाराने तो घेतलाच नाही, अशा तक्रारी सारख्या येतात. दगड खराब म्हणून असं होणं फार क्वचित, बहुतेक वेळा फॉर्ममधल्या दोन-तीन रकान्यांत घोळ झालेला असतो आणि काउंटरवरचा माणूस तो समजावून सांगायच्या ऐवजी "अपूर्ण" असा शिक्का मारून मोकळा होतो. म्हणून जिथे अडतं तेवढंच नीट सांगतो.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते "चाचणीचे नाव" या रकान्यात. लोक तिथे नुसतं "अब्रेजन टेस्ट" लिहितात. पण यात दोन पूर्ण वेगळे प्रश्न आहेत. लोकांच्या पायाखाली फरशी किती झिजेल हा एक, आणि हा दगड कापताना आपली हत्यारं किती झिजतील हा दुसरा. पहिल्यासाठी युरोपात ईएन १४१५७ (ईएन म्हणजे युरोपीय स्टँडर्ड) आहे, त्यात रुंद चाक, बोमे आणि अ‍ॅम्स्लर अशा तीन पद्धती, आणि अमेरिकन पद्धतीत एएसटीएम या स्टँडर्ड काढणाऱ्या संस्थेची सी २४१ किंवा टेबर मशीनवरची सी १३५३. दुसऱ्यासाठी सरशार चाचणी, म्हणजे ९० अंशाच्या टोकाची स्टीलची पिन ७० न्यूटन वजनाखाली दगडावर १० मिलिमीटर ओढायची आणि टोक किती बोथट झालं ते मायक्रोस्कोपखाली मोजायचं. खाणवाल्याला डायमंड वायर आणि चेन सॉच्या खर्चाचा अंदाज हवा असतो, तो बोमेचा रिपोर्ट घेऊन बसतो आणि त्याचा त्याला काहीही उपयोग होत नाही. अजून एक चूक म्हणजे लॉस एंजेलिस चाचणी मागणं, ती खडीसाठी असते, फरशीच्या खरेदीदाराला तो आकडा दाखवून फायदा नाही. त्यामुळे खरेदीदाराच्या कागदावर स्टँडर्डचा जो नंबर आहे तोच जसाच्या तसा, पद्धतीच्या नावासकट फॉर्मवर उतरवा.

आकडे वाचतानाही इथेच गोंधळ होतो. बोमेमध्ये किती घनफळ झिजलं ते येतं आणि रुंद चाकात चाकाने पाडलेल्या खाचेची रुंदी मिलिमीटरमध्ये येते, म्हणजे आकडा जेवढा कमी तेवढं चांगलं. सी २४१ मध्ये उलट, जास्त आकडा चांगला, आणि मार्बलच्या सी ५०३ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे माल कसा असावा हे ठरवणाऱ्या एएसटीएमच्या कागदात, तो किमान १० लागतो. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या मर्यादेशी लावून बघितला तर चांगला माल नापास दिसतो.

दुसरी अडचण म्हणजे नमुना घेतल्याचा कागद, जो जवळपास कुणाकडेच नसतो. ब्लॉक खाणीतल्या कुठल्या बेंचवरून (पायरीवरून) काढला, कोणी काढला, कोणत्या तारखेला, थर कुठल्या दिशेने होता, एवढं एका पानावर लिहून सही केली तरी काम होतं. पण हे खाणीत, दगड कापायच्या आधीच करायचं, कारण तुकडे एकदा कापले की थराची दिशा ओळखणं अवघड होऊन बसतं. प्रत्येक तुकड्यावर न पुसणाऱ्या मार्करने बाण काढा. नमुना लॅबने स्वतः घेतला नसेल तर आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या स्टँडर्डप्रमाणे "निकाल मिळालेल्या नमुन्यापुरताच" असं रिपोर्टमध्ये लिहावंच लागतं, त्यावरून लॅबशी भांडून उपयोग नाही. खरेदीदाराला हे चालणार नसेल तर नमुना घ्यायला लॅबचाच माणूस बोलवा आणि ते अर्जातच मागा.

दगडाचं नाव हाही त्रासाचा भाग. बाजारात "ग्रीन मार्बल" म्हणून विकला जाणारा बराच माल खरं तर सर्पेंटाइन हा वेगळाच दगड असतो, आणि पॉलिश घेणारा चुनखडीचा दगडही मार्बल म्हणूनच खपतो. त्यांची स्पेसिफिकेशन्स वेगळी आहेत, सर्पेंटाइनला सी १५२६, चुनखडीला सी ५६८. म्हणून व्यापारी नाव, दगडाचा प्रकार, रंग आणि मूळ ठिकाण असं चारही लिहा, आणि शंका असेल तर आधी पेट्रोग्राफी, म्हणजे दगडात कुठली खनिजं आहेत ती मायक्रोस्कोपखाली बघणं, करून घ्या. सरशारसाठी तर ती हवीच, कारण मार्बलमधलं मुख्य खनिज कॅल्साइट, त्याची मोह्सच्या मापात कठीणता ३ आणि क्वार्ट्झची ७, त्यामुळे थोडा क्वार्ट्झ जरी मिसळलेला असला तरी हत्याराची झीज कुठल्या कुठे जाते.

तुकडे किती आणि कसे? बोमेला ७१ मिलिमीटर बाजूचे, निदान सहा. ते त्याच मालाचे हवेत, रेझिन भरलेले किंवा मागे जाळी लावलेले असतील तर तसं स्पष्ट लिहायचं, लपवलं तर रिपोर्ट नंतर अंगावर येतो. सरशारला मुठीएवढा ताजा फोडलेला तुकडा चालतो, कापलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर आकडा कमी येतो. आणि कृपा करून नमुना घरी भट्टीत वाळवू नका. कॅल्साइटचा कण तापला की एका दिशेला फुगतो आणि दुसऱ्या दिशेला आकसतो, त्याने कणांमधले सांधे सुटतात आणि दगड आधीच कमजोर होऊन लॅबमध्ये पोचतो. वाळवायचं काम लॅब करते, ईएन पद्धतीत साधारण ७० अंशाला.

अर्ज कोण करू शकतं तर कुणीही, खाणमालक, व्यापारी, आर्किटेक्ट, ठेकेदार. फक्त रिपोर्टवर जे नाव हवं तेच अर्जदार म्हणून लिहा. रिपोर्ट निघाल्यावर नाव बदलायचं तर सुधारित रिपोर्ट निघतो, त्यात बदल केल्याचं दिसतं आणि समोरचा लगेच शंका घेतो.

"पास" हा शब्द रिपोर्टवर हवा असेल तर तेही अर्ज करतानाच सांगावं लागतं, कुठल्या मर्यादेशी तुलना करायची आणि मोजणीतली अनिश्चितता कशी धरायची ते ठरवून. न सांगितल्यास नुसते आकडे येतात, मग लोक रागावतात, पण हा रकाना फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात छापणाऱ्यांना काय म्हणावं! लॅबची मान्यता आहे का एवढंच विचारू नका, तुमची नेमकी चाचणी त्या मान्यतेच्या यादीत आहे का ते बघा.

तारखांचं म्हणाल तर लॅबने सांगितलेले दिवस नमुना, फी आणि भरलेला अर्ज तिन्ही स्वीकारल्यापासून मोजले जातात, कुरियर केल्यापासून नाही, आणि तुकडे कापणं आणि वाळवणं बऱ्याचदा त्यात धरलेलं नसतं, ते आधीच विचारून घ्या. टेंडरमध्ये "अमुक महिन्यांच्या आतला रिपोर्ट" असं असेल तर चाचणीची तारीख धरायची की रिपोर्ट निघाल्याची हे लेखी विचारा, रिपोर्टवर दोन्ही असतात. बाकी फी भरणं, ओळखपत्राची झेरॉक्स हे काउंटरवर सांगतात तसं. उरलेले तुकडे मात्र खरेदीदाराचा होकार येईपर्यंत सांभाळून ठेवायला अर्जातच लिहून द्या, ठरलेली मुदत संपली की लॅब ते टाकून देते आणि वाद झाला तर परत तपासायला काहीच उरत नाही.